भिंगरीची झाडलेली वाट

भिंगरीला एका जागी बसवणं म्हणजे बेडकं तराजूत तोलणं. एक पाय आत घ्यावा तर दुसरा बाहेर. 'हिच्या पायाला भिंगरी लागलीय' असं लहानपणी घरात कुणीतरी म्हटलं आणि ते पायावरून चढत चढत सगळ्या अंगाला चिकटलं. आता तिचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागायचं. बोलणंही तसलंच. वाक्य चुलीपाशी सुरू व्हायचं, त्याचा मधला भाग अंगणात सांडायचा आणि शेवट ऐकायचा असेल तर तिच्या मागोमाग फाटकापर्यंत पळावं लागायचं. पुष्कळ लोक अर्ध्या वाक्यावरच समाधान मानून परत फिरायचे.

अशा बाईला राखीव रानाच्या अधिकारी मॅडमनी सिमेंटच्या कोठडीत बसवलं होतं.

कोठडी समुद्राकाठच्या राखीव रानात, सुरूची झाडं संपतात आणि उघडी वाळू सुरू होते तिथे, अर्धी वाळूत रुतून उभी होती. समोरच्या भिंतीत एक आडवी फट. फटीतून पाहायचं ते एवढंच: वाळूत बसलेली चिखल्याची मादी. पक्षी मुठीएवढा, रंग वाळूचाच, आणि घरटं म्हणावं तर नुसता खळगा, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि अंडी. आल्यागेल्याला दाखवलं तर विचारतील, कुठाय घरटं? भिंगरीनं हलायचं नव्हतं, खाकरायचं नव्हतं, आणि काय वाटेल ते झालं तरी दिवसाउजेडी मध्येच बाहेर यायचं नव्हतं. अंडी फुटून पिल्लं पळू लागेपर्यंत हे जमलं, तर रानातली रखवालीची फेरी भिंगरीकडे राहणार. नाही जमलं, तर तिची रवानगी तिकिटाच्या खिडकीत.

खिडकी म्हणजे रानाच्या फाटकाजवळचं एवढंसं खोपटं. त्यात एक स्टूल, एक पंखा आणि खिडकीवाले काका. काकांनी त्या चौकोनात इतकी वर्षं काढली होती की आता बाहेर मोकळ्यावर भेटले तरी ते मान वाकवून, समोर भोक असल्यासारखं बोलायचे. शेजारी कुणी उभं राहिलं की सवयीनं म्हणायचे, "पुढे सरका." आता ते निवृत्त होणार होते. भिंगरीचं नाव कानावर आल्यापासून त्यांना उमाळा आला होता. स्टुलावरची उशी त्यांनी तिला थोपटून दाखवली. मधोमध पडलेला खळगा दाखवला, म्हणाले, काही दिवस तुला मोठा वाटेल, मग बरोबर बसतो. पंखा कुठल्या बाजूनं आदळतो, दुपारी ऊन कुठे येतं, सगळं मायेनं समजावलं. भिंगरी उभ्याउभ्याच पाय बदलत राहिली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, मला तिथे पुरायला निघालेत हो, उशीसकट.

नवरा शिंपी. तो मशीनपाशी बसला की बसला. घराला आग लागली असती तर म्हणाला असता, एवढी शिलाई मारतो आणि उठतो. त्याच्या ओठांत कायम टाचण्या. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं 'म्हं'मध्ये चालायचं. छोटा म्हं म्हणजे हो, लांब म्हं म्हणजे बघू, आणि नाकातून आलेला म्हं म्हणजे तुझं डोकं फिरलंय. उशीच्या गोष्टीवर त्यानं नाकातून म्हं केलं. मग टाचण्या काढून हातावर ठेवल्या, म्हणजे मामला गंभीर.

"तुला बसायला कुणी सांगितलंय? हात चालव. मी कुठे बसतो? माझे हात दिवसभर फिरतातच की."

आणि त्यानं तिला जुन्या कोटांची एक पिशवी दिली. बटणं उसवायची, शिवणी उसवायच्या. भिंगरीनं कोठडीत बसून पहिल्याच सकाळी सगळे कोट उसवून ठेवले, त्यात जे उसवायचे नव्हते तेही.

ही कोठडी तिला नवी नव्हती. ते रानच तिच्या घराच्या अंगाखांद्यावर वाढलं होतं, किंवा उलटं म्हणा. तिच्या आजोबांच्या वेळी तिथे रान नव्हतंच. नुसती वाळू, वारा सुटला की उठून गावात शिरणारी; पिठात वाळू, अंथरुणात वाळू, मेलेल्या माणसाच्या मिशीतसुद्धा वाळू. म्हणून गावानं सुरूची रोपं लावली. आजोबा पाणी घालणाऱ्यांतले. झाडं डोक्यावर गेली तोच सैन्य आलं. सैन्याला आडोसा हवाच होता. त्यांनी कोठड्या बांधल्या, समुद्राकडे फटी ठेवल्या, आणि किनाऱ्यालगत वाळूचा एक लांब पट्टा मोकळा करून घेतला. तो पट्टा रोज संध्याकाळी झाडायचा. रात्री कुणी होडीनं येऊन उतरलं तर सकाळी साफ वाळूत पावलं दिसली पाहिजेत. झाडायच्या कामावर लागले भिंगरीचे वडील. सुरूच्या फांद्यांची जुडी कमरेला बांधायची आणि ओढत चालायचं, आपली पावलं आपल्याच मागे पुसत. मागून हवालदार ओरडायचा. वडील पुढे आयुष्यभर त्या हवालदाराची नक्कल करायचे, नाक चोंदल्यासारखा आवाज काढून: "ए झाडूवाले! ये पाव किसका है? तेरा है? तो पोंछ!"

कुणीच कधी उतरलं नाही. सैन्य कंटाळून निघून गेलं. मग छातीच्या रोग्यांचं इस्पितळ आलं, कारण सुरूची हवा चांगली. वडील तिथे वाटा झाडू लागले. कोणत्या खोलीत कोण खोकतंय ते त्यांना नुसतं ऐकून कळायचं, आणि घरी जेवताना ते एकेक खोकला काढून दाखवायचे. आई म्हणायची, ताटावर तरी नको. औषधं सुधारली, रोगी घरी गेले. मग सुट्टीची वसाहत झाली, लाकडी खोल्या आणि झाडाला बांधलेला कर्णा. तेव्हा भिंगरी परकरातून नुकती बाहेर पडलेली. कर्ण्यावरचा माणूस पोटातून आवाज काढायचा: लक्ष द्या, लक्ष द्या, ज्या कुणाचे आजोबा पाण्यात गेले आहेत त्यांनी त्यांना जेवायला बोलवावे. भिंगरी झाडामागून तोच आवाज काढून लोकांचे भलतेच आजोबा बोलवायची. वसाहत बुडाली. मग वाळू भरून नेणारे ट्रक आले, अर्धी टेकडी घेऊन गेले, आणि त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की उरलंय ते जपलं पाहिजे. फाटकावर राखीव रानाचा फलक लागला. इतके फलक बदलले, वडिलांची जुडी तीच. मरताना त्यांच्या अंगणात त्यांचं स्वतःचं एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

भिंगरी त्या रानात रखवालदार झाली तेव्हा तिनं दुसरं काही आणलं नाही, पण हे झाडणं आणलं. वाळूतल्या घरट्यापाशी माणूस गेला की पावलं राहतात. पावलांमागे कावळा येतो, कोल्हा येतो, आणि अंडी जातात. म्हणून घरट्याकडे जाऊन आलं की फांद्यांची जुडी ओढत मागे यायचं. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी ते नियमात घातलं. मॅडम तरुण, हुशार, आणि प्रत्येक वाक्याला खुंटी मारल्यासारखं 'बरोबर का?' लावणाऱ्या. घरट्याजवळ जायचं नाही, बरोबर का? गेलात तर झाडत यायचं, बरोबर का? खिडकीवाले काका म्हणायचे, एक दिवस ही पोरगी 'माझं नाव अमुक, बरोबर का?' असं विचारेल.

त्या मोसमात कित्येक वर्षांनी चिखल्याची जोडी उघड्या वाळूत उतरली. मादीनं अंडी घातली. भिंगरीला आनंदानं राहवेना. ती दिवसातून हजारदा जाऊन बघून यायची आणि दरवेळी वाट झाडायची, अशी की वडिलांनी पाठ थोपटली असती. मग एका सकाळी खळगा रिकामा. शिंपल्यांचे तुकडे तसेच, अंड्यांचं कवचसुद्धा नाही. कोल्हा, मॅडम म्हणाल्या. कोल्हा वसाहतीच्या पडक्या खोल्यांखाली राहतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला घरटं सापडलं कसं? माणसाचं पाऊल तर एकही नव्हतं, आणि कोल्ह्याचे पंजे रात्रीच्या वाऱ्यानं पुसले होते. मॅडमनी भिंगरीकडे पाहिलं. तुम्ही सारख्या जाता, म्हणाल्या. पक्षी सारखा उठतो. उठला की कोल्ह्याला दिसतो, बरोबर का?

बरोबरच वाटलं. भिंगरीला त्या रात्री अन्न गेलं नाही.

जोडीनं पुन्हा अंडी घातली, थोडं पलीकडे. मॅडमनी सांगितलं, ही शेवटची वेळ. हीही गेली तर हे पक्षी इथे परत पाय ठेवणार नाहीत. उजाडताच एकदा जवळ जाऊन अंडी बघायची, वाट झाडत कोठडीत यायचं, आणि दिवस मावळेपर्यंत बसायचं. कोल्हा दिसला तर वॉकी-टॉकीवर सांगायचं. तुम्ही उठायचं नाही. तुम्ही उठलात तर तुम्हीच कोल्हा, बरोबर का?

तर भिंगरी बसली. बसली म्हणजे कशी? बुडाखाली डबा ठेवून पाहिला, वीट ठेवून पाहिली. मांडी घातली, मोडली. डाव्या पायाला मुंग्या आल्या म्हणून उजवा हलवला, मग उजव्याला राग आला. नवऱ्यानं दिलेली बटणं रंगाप्रमाणे लावली, मग मोठीछोटी लावली, मग एक बटण फटीतून बाहेर वाळूत पडलं आणि त्याच्याकडे पाहत तिनं अख्खी दुपार काढली, कारण ते बाहेर होतं. चिखल्याची मादी मात्र बसलेली. ऊन चढलं की पंख किंचित उचलून अंड्यांवर सावली धरायची, बाकी हालचाल नाही. भिंगरी मनात तिला म्हणायची, बाई गं, तूच त्या खिडकीत बस. काकांची उशी तुला बेताची होईल.

आणि मग एका सकाळी कोल्हा आला.

उजाडून थोडाच वेळ झाला होता. भिंगरी नुकतीच अंडी बघून, जुडी ओढत, वाट साफ करत कोठडीत शिरली होती. कोल्हा सुरूच्या झाडांतून निघाला. तिला वाटलं, हुंगत येईल, इकडे जाईल, तिकडे जाईल, बुचकळ्यात पडेल. तसं काही नाही. झाडांखालच्या काड्याकुड्यांतून तो रमतगमत आला, आणि जिथे झाडलेली पट्टी सुरू होत होती तिथे थांबला. नाक खाली नाही, वर नाही. नुसतं पट्टीकडे पाहिलं, जसा माणूस ओळखीच्या गल्लीच्या तोंडाशी पाहतो. आणि वळला. सरळ पट्टीवरून, मधोमध, घाई न करता निघाला.

भिंगरीनं फटीतून वाळू पहिल्यांदा पाहावी तशी पाहिली. सगळीकडे वाऱ्याच्या लाटा, खेकड्यांची भोकं, सुरूच्या काड्या, फेस वाळून राहिलेल्या रेघा. आणि त्या सगळ्या पसाऱ्यातून एकच पट्टी, गुळगुळीत, काडी नाही की कचरा नाही, कोठडीपासून निघालेली ती थेट अंड्यांपाशी संपलेली. सैन्याचा अख्खा पट्टा साफ असायचा. साफ वाळूत पाऊल उठून दिसे. इथे अख्खी वाळू विस्कटलेली आणि वाट तेवढी साफ. हिनं कोल्ह्यासाठी रोज पायघड्या घातल्या होत्या. पहिल्या वेळी त्याला नशिबानं वाट सापडली असेल, शेवटी खाऊ मिळाला असेल. त्यानंतर तो शहाणा झाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

तिनं वॉकी-टॉकी उचलला. मॅडम, कोल्हा, म्हणाली.

तेवढ्यात मादी उठली. आणि जे नाटक तिनं केलं ते पाहून कर्ण्यावरच्या माणसानंही हात जोडले असते. एक पंख वाळूवर लोळवला. तुइ, तुइ, असं काकुळतीनं ओरडत, लंगडत, पडत, उठत ती कोल्ह्याच्या तोंडासमोरून आडवी निघाली, जशी काही आता मेली की मग मेली. कोल्हा पट्टी सोडून तिच्या मागे लागला. ती पडायची, तो झेप घ्यायचा, ती नेमकी तेवढ्यापुरती पुढे. टेकडीमागे दोघंही दिसेनासे झाले.

अंडी उघडी पडली होती. ऊन अजून कोवळं होतं, पण चढणार होतं. मादी परत येईल तेव्हा माणूस दिसला तर ती बसणार नाही. आणि कोल्हा परत आला तर वाट तयारच आहे. उठायचं नाही, मॅडम म्हणाल्या होत्या. उठलात तर तुम्हीच कोल्हा. खिडकीतला पंखा, उशीचा खळगा, 'पुढे सरका'. भिंगरीनं पायाची बोटं वाळूत रुतवली आणि धरून ठेवली. धरून ठेवली. आणि मग ती कोठडीच्या बाहेर होती.

आधी ती पट्टीवरच गेली. फताफत पाय मारत, वाळू उधळत, घरट्याच्या अलीकडेपर्यंत जवळजवळ सगळी वाट तिनं मोडून टाकली. मग वाटलं, नुसती मोडून काय होणार, मोडलेली वाटही वाटच. म्हणून ती उजवीकडे वळली, पाण्यापर्यंत गेली, परत आली. डावीकडे गेली, गोल फिरली, आपल्याच पावलांवरून आडवी गेली. सुरूच्या काड्या ओंजळीत भरून आणल्या आणि शेतात पेरतात तशा फेकल्या. एका पावलाची दिशा दुसऱ्याला माहीत नाही अशी ती त्या उघड्या वाळूत भिरभिरली. धाप लागली तरी पाय थांबेनात. पक्ष्याची ती नक्कल तिनं मुद्दाम केली नाही, पण एकदा ठेच लागून ती तशीच लोळली आणि लंगडत उठली.

मॅडम झाडांतून आल्या त्या नेमक्या तेव्हा. मागे खिडकीवाले काका, खिडकी बंद करून धापा टाकत. काकांनी मान वाकवून, नसलेल्या भोकातून पाहिलं.

मॅडमचा आवाज हळू होता. हळू म्हणजे वाईट. त्यांनी विचारलं, मी काय सांगितलं होतं.

"पहिली अंडी मीच खाऊ घातली, मॅडम," भिंगरी म्हणाली. "तो पावलांवरून येत नाही. झाडलेल्यावरून येतो. रोज त्याला घरापर्यंत पोचवत होते मी."

तिनं झाडलेल्या पट्टीचा झाडांकडचा उरलेला तुकडा दाखवला, तो अजून गुळगुळीत होता, आणि त्याच्या मधोमध कोल्ह्याचे पंजे, एकामागे एक, कुठेही न ढळलेले. मॅडम वाकून पाहत राहिल्या. 'बरोबर का' आलं नाही. मग त्यांनी भिंगरीचं मनगट धरलं आणि तिला ओढत वाळूच्या एका अलीकडच्या उंचवट्याच्या आडोशाला नेऊन पालथं पाडलं, स्वतःही शेजारी पालथ्या पडल्या. काकांना हातानंच सांगितलं, तिथेच. काका झाडामागे वाकून उभे राहिले. त्यांना ते सोपं होतं.

आता मादी यायला हवी होती. नाही आली. ऊन टेकडीवर चढलं. अंडी तिथे, उघड्यावर, दगडासारखी दिसत होती. भिंगरीचा पाय आपोआप वाळू घासू लागला. मॅडमनी न बघता आपला हात तिच्या घोट्यावर ठेवला. मग दुसरा पाय. मॅडमनी त्यावर स्वतःचा पाय टाकला.

"हलू नका," मॅडम ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "आत्ता हललात तर खिडकी."

"आणि नाही हलले तर?"

"तर उद्यापासून रोज उजाडताना इथे या. आणि हे जे काय करत होतात ते सगळीकडे करा. अंड्यांपासून लांब. झाडायचं नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नियम मीच लिहिला होता."

भिंगरीला पुष्कळ बोलायचं होतं. वडिलांबद्दल, हवालदाराबद्दल, की हे कुणाच्या डोक्यात आलंच कसं नाही; पण वाक्य न्यायला अंगणही नव्हतं आणि फाटकही. ते तिनं दाताखाली धरलं.

टेकडीमागून तुइ आलं. एकदाच, आणि यावेळी त्यात नाटक नव्हतं. मादी एकटीच, उडत नव्हे, चालत आली. थोडं पळायची, थांबायची, भिंगरीच्या पावलांचे खड्डे बघायची. एका खड्ड्यात उतरली, बाहेर आली. दुसऱ्याला वळसा घातला. या सगळ्या गोंधळात तिला तिचं घर सापडेल का, असं भिंगरीच्या मनात आलं. कोल्ह्याला चकवायला निघाले आणि आईलाच चकवलं तर? मॅडमची बोटं घोट्यावर रुतली होती. मादी अंड्यांच्या बाजूनं निघून गेली, पुढे गेली, आणखी पुढे.

मग वळली. खळग्यापाशी आली, चोचीनं एक अंडं हलकेच फिरवलं, पोटाची पिसं पसरली आणि बसली.

मॅडमनी श्वास सोडला. भिंगरीनं सोडला नाही, कारण आता तर अजिबातच हलता येणार नव्हतं. मादी नुकती टेकलेली, जरा खुट्ट झालं की उठणार. निदान ऊन उतरेपर्यंत असंच पडून राहायचं होतं. आणि तिच्या पोटरीवर एक मुंगी चढली होती. ती गुडघ्यामागे आली, थांबली, जरा विचार केल्यासारखं केलं, आणि पुन्हा निघाली.